बामसिलच्या नामफळीवरचे अक्षर

मी, क्वाक ओक-बुन, वय त्र्याऐंशी पूर्ण, राहणार बामसिल, तालुका बोंगह्वा, उत्तर ग्योंगसांग प्रांत, कै. म्योंग बोम-जिन यांची पत्नी आणि बामसिलच्या म्योंग घराण्याच्या पंधराव्या पिढीची थोरली सून, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही. घालायला आले होते, त्यांना मी चहा पाजून परत पाठवले. ती हकीकत खाली येईलच.

वकिलांनी हेही सांगितले की आमच्या कायद्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कागदाला साक्षीदार लागत नाहीत. तारीख, पत्ता, नाव आणि शिक्का पुरे. तरी मी दोन साक्षीदार घेतले आहेत. या घराण्यात एकट्या बाईच्या शब्दाला काय किंमत असते ते मी चौसष्ट वर्षे पाहत आले आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. घराण्याच्या मंडळाकडे माझ्या शिक्क्याचा एखादा कागद निघालाच, तर तो खोटा समजावा आणि दाखवणाऱ्याला तसे तोंडावर सांगावे.

कलम पहिले. घर.

बामसिलचे राहते घर, पुढचे अंगण, मागचे पूर्वजघर आणि त्यामागची चेस्टनटची झाडे, यांतला माझा जो हिस्सा आहे तो सगळा माझी एकुलती एक मुलगी म्योंग इन-सॉन हिला मिळावा. तिचा हिस्सा तिच्या वडिलांच्या मागे तिला मिळालेलाच आहे. दोन्ही मिळून घर पूर्ण तिचे होईल आणि तिच्याकडेच राहील. या मृत्युपत्रातले बाकी सगळे या एका वाक्याला टेकू देण्यासाठी लिहिले आहे.

इन-सॉन साठ वर्षांची आहे. ती गुरांची डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी राहते आणि आठवड्यातून तीनदा माझ्याकडे येते. तिच्या पँटला शेणाचा वास येतो आणि तिच्या गाडीत नेहमी कोणत्या तरी गायीचे औषध असते.

यंदा शरदाच्या सणाला माझे चुलत दीर म्योंग थे-शिक आले होते. ते मंडळाचे अध्यक्ष आहेत. सोबत दोन मूक माणसे, रिबीन बांधलेली नाशपातीची पेटी, एक टाइप केलेला कागद आणि शाईची डबी.

"वहिनी, तुम्ही नुसता शिक्का मारा. बाकी मंडळ बघून घेईल."

"काय बघून घेईल, भावजी?"

"घर आणि पूर्वजघर मंडळाच्या नावावर. श्राद्ध तुमचा पुतण्या ग्यु-हॉन करेल. तुम्ही आहात तोवर इथंच राहायचं, तुम्हाला कोण काढतंय."

"आणि इन-सॉन?"

"तिला काय कमी आहे? डॉक्टर आहे. शिवाय ती दुसऱ्या घरची."

"दुसऱ्या घरातून ती पंधरा वर्षांपूर्वी परत आली, भावजी."

"तेच तर," ते म्हणाले, आणि मान हलवली, जणू माझेच बोलणे त्यांच्या उपयोगी पडले.

मी सांगितले की गेल्या वर्षी वरच्या न्यायालयानेही श्राद्धाचा मान थोरल्या अपत्याचा ठरवला आहे, मग तो मुलगा असो की मुलगी. न्यायालयाला श्राद्धातले काय कळते, असे ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, नऊशे माणसं आहेत घराण्यात. वर गेल्यावर पूर्वजांना मी काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखवा," मी म्हटले. "त्यांना आतापर्यंत सवय झाली असेल."

नाशपाती गोड होत्या. कागद चुलीत गेला.

कलम दुसरे. पैसे आणि अंगावरच्या वस्तू.

पतपेढीत जी शिल्लक असेल ती इन-सॉनची. तिने त्यातून आधी चांगले बूट घ्यावेत. माझ्या दोन रेशमी पोशाखांपैकी निळा तिने ठेवावा. पांढरा माझ्या अंगावर घालावा, कारण तो मी फक्त दुसऱ्यांच्या मरणाला घातला आहे आणि एकदा तरी तो माझ्यासाठी निघावा अशी माझी इच्छा आहे.

कलम तिसरे. रांजण.

मागच्या ओट्यावर सोयाबीनच्या काळ्या रसाचे नऊ रांजण आहेत. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या रांजणातला रस माझ्या सासूच्या सासूने सुरू केला. दर वर्षी थोडा काढायचा आणि नवा ओतायचा, पण तळ कधी दिसू द्यायचा नाही. वर्षातली बारा श्राद्धे आणि दोन सण त्याच्यावर निघाले. टीव्हीवाले दोनदा चित्रण करून गेले. दोन्ही वेळा थे-शिक भावजींनी रांजणावर हात ठेवून मुलाखत दिली. त्यांनी आयुष्यात एक रांजण धुतलेला नाही.

तो सगळ्यांत जुना रांजण मी माझी धाकटी जाऊ हो ब्युन-सुक हिला देते.

हे वाचून ती दचकेल. आमचे काय झाले ते तिला माहीत आहे, बाकीच्यांना माहीत व्हावे म्हणून लिहिते. मला मुलगा झाला नाही. एकोणीसशे एकोणऐंशी साली मंडळाने ठरवले की धाकट्या दिरांचा थोरला मुलगा ग्यु-हॉन आम्हाला दत्तक द्यायचा. तो सात वर्षांचा होता. वंशावळीत लगेच तसे लिहून टाकले. मग सरकारी कागद आला, तेव्हा ब्युन-सुक स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर म्हणाली, "वंशावळीत पोरगा तुमचा लिहा, हवं तर राजाचा लिहा. सरकारच्या कागदावर तो माझाच राहील. मी सही करणार नाही."

मी तिच्याशी अकरा वर्षे बोलले नाही. मला वाटले, मुलगी असूनही हिने मला भर अंगणात वांझोटी ठरवले. जाऊबाई, तुमचे बरोबर होते. पोर मागणारे चुकले होते, आणि त्यांच्या रांगेत मीही मान खाली घालून उभी होते. तोंडाने सांगायला मला जमले नाही, म्हणून कागदावर सांगते. रांजणाचा तळ दिसू देऊ नका.

कलम चौथे. ग्यु-हॉन.

म्योंग ग्यु-हॉन याला वरच्या अंगाची पर्सिमन फळांची बाग, माझ्या नवऱ्याची पुस्तके आणि त्यांची घोड्याच्या केसांची टोपी द्यावी. घर, पूर्वजघर किंवा श्राद्ध यांपैकी काहीही त्याच्या गळ्यात घालू नये.

तो वाईट माणूस नाही. तो सोलजवळ विम्याच्या कंपनीत आहे. श्राद्धाला यायला जमत नाही तेव्हा फोनवरच्या चित्रातून घरच्या गालिच्यावर वाकतो. त्याची बायको श्राद्धाचा स्वयंपाक पार्सलने मागवते. त्यावर बायका नाके मुरडतात, मी मुरडत नाही. त्या पार्सलमधल्या माशाबद्दल पूर्वजांनी अजून तक्रार केलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने मला गाडीतून आंदोंगला नेले. वाटेत म्हणाला, "मोठी आई, खरं सांगू? थोरल्या आजोबांच्या श्राद्धाचा दिवस कधी असतो ते मला फोन आठवण करतो तेव्हा कळतं."

"मग नाही म्हणून टाक."

"काकांना? मी?" तो हसला. "पन्नास वर्षांचा झालोय तरी त्यांच्यासमोर सिगारेट पाठीमागे लपवतो. ऑफिसात माझ्याहून दोन वर्षांनी मोठा माणूस जेवायला बसल्याशिवाय मी चमचा उचलत नाही. मला नाही म्हणायचं शिकवलंय कोणी?"

कोणी शिकवले नाही, हे खरे आहे. म्हणून त्याच्या वतीने मी नाही म्हणते. थे-शिक भावजींनी ते त्याच्या तोंडचेच समजावे.

कलम पाचवे. पेला.

श्राद्धात नामफळीसमोर, म्हणजे पूर्वजाचे नाव लिहिलेल्या लाकडी फळीसमोर, मद्याचे तीन पेले वाहतात. पहिला वारसाचा. दुसरा, विधीच्या पुस्तकाप्रमाणे, थोरल्या सुनेचा. हे पुस्तकात आहे. मी स्वतः वाचले आहे. आमच्या घरी कोण्या एका पणजोबांना ते आवडले नाही आणि त्यांनी तो पेला आपल्या भावाला देऊन टाकला. तेव्हापासून म्योंगांच्या बायका स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहतात आणि यालाच परंपरा म्हणतात.

दोन हजार अकरा साली माझे यजमान गेले. त्यानंतरच्या पहिल्या श्राद्धाला इन-सॉन आंघोळ करून, पांढरे कपडे घालून आली आणि पूर्वजघराच्या पायरीवर उभी राहिली.

"बाईनं पायरीखाली," थे-शिक भावजी म्हणाले.

"काका, मी त्यांची मुलगी आहे."

"म्हणूनच सांगतो, पोरी. आजचा दिवस नासवू नकोस."

ती खाली उतरली. मला ते अजून सहन होत नाही. त्याच वसंतात या भावजींची गाय अडली होती. वासरू आडवे होते. त्यांनी इन-सॉनला बोलावून घेतले. तिने खांद्यापर्यंत हात आत घालून वासरू फिरवले आणि ओढून काढले. तेव्हा हेच भावजी म्हणाले होते, "पोरी, तुझ्या हाताला यश आहे." म्हणजे त्यांच्या गायीच्या पोटात जायला तो हात चांगला, आणि तिच्या बापासमोर पेला धरायला नासका.

तिचे नाव वंशावळीतही नाही. मुलीच्या जागी जावयाचे नाव लिहायची आमची रीत आहे. ज्या माणसाला तिने पंधरा वर्षांपूर्वी सोडले, तो वंशावळीत अजून पाय पसरून बसला आहे. माझ्या नवऱ्याच्या नावाखाली माझ्याबद्दल 'क्वाक घराण्याची' एवढेच आहे. पुढच्या छपाईत आम्हा दोघींची पूर्ण नावे घालावीत, नाहीतर आमच्या ओळी कोऱ्या सोडाव्यात.

कलम सहावे. नामफळी.

आता जे लिहिते ते मी छप्पन्न वर्षे कोणाला सांगितलेले नाही.

आमच्या पूर्वजघरात एकच नामफळी आहे, थोरल्या आजोबांची. बाकीच्या पूर्वजांची नावे श्राद्धाच्या दिवशी कागदावर लिहितात आणि विधी झाला की जाळतात. थोरले आजोबा राजाच्या दरबारात होते. राजाला खरे ऐकवले म्हणून हद्दपार झाले आणि मेल्यावर मोठे झाले. म्हणून त्यांची चेस्टनटच्या लाकडाची फळी कधीही हलवायची नाही. मी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला पूर्वजघरासमोर उभे करून घराचा नियम ऐकवला. आग लागली तर आधी फळी बाहेर काढायची, मग वडीलधारी, मग मुलगे. मुलींचे काय ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

एकोणीसशे अडुसष्टच्या शरदात, डोंगरावरच्या थडग्यांच्या पूजेचा दिवस होता. सगळे पुरुष डोंगरावर गेले होते. इन-सॉन चार वर्षांची होती. तिला गोवर आला होता, म्हणून स्वयंपाकापासून लांब, पूर्वजघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत निजवले होते. भर दुपारी वारा सुटला. राखेच्या ढिगातली ठिणगी लाकडाच्या खोपटावर गेली आणि तिथून पूर्वजघराच्या छपरावर. मी धावत पोचले तेव्हा डाव्या हाताला पूर्वजघराचे दार होते आणि उजव्या हाताला खोलीचे. दोन्हींतून धूर येत होता.

मागून सासूबाई ओरडत होत्या, "आधी फळी! सूनबाई, आधी फळी!"

मी उजवीकडे गेले. पोरीला गोधडीसकट उचलून बाहेर आणले. मग परत फळीसाठी वळले, असे लिहायला मला आवडले असते. पण मी वळले नाही. वेळ होता. छप्पर बसायला अजून तेवढा वेळ नक्की होता. मी पोरीला छातीशी धरून अंगणात उभी राहिले आणि थोरल्या आजोबांना जळताना पाहिले. आत गेले असते तर पोर हातातून सोडावी लागली असती, आणि ती मला सोडायची नव्हती. एवढेच कारण आहे.

सासूबाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पोरगी जगेल का?"

"जगेल."

"मग आता तोंड बंद. तुझंही आणि माझंही."

पुरुष डोंगरावरून उतरले तेव्हा सासरे अंगणात गुडघ्यांवर कोसळले. सासूबाईंनी त्यांना सांगितले, "थोरले आजोबा आतल्या खोलीत आहेत. सुनेनं काढले. पूर्वजघर नवं होऊन शुद्ध होईपर्यंत पेटी कोणी उघडायची नाही." सासरे माझ्याकडे वळून वाकले. पांढऱ्या रेशमात गुंडाळलेल्या त्या पेटीत कपडे बडवायचे लाकडी दांडके होते. पाच महिने म्योंग घराण्याचे मोठमोठे लोक तिच्यासमोर वाकून गेले.

हिवाळ्यात सासूबाईंनी मागच्या चेस्टनटची एक फांदी तोडवली आणि योंगजूच्या बाजारातल्या, आम्हाला न ओळखणाऱ्या सुताराकडून फळी करून घेतली. मजुरी म्हणून त्यांनी आपली केसांत खोचायची चांदीची काठी दिली. माहेरी हरवली, असे घरात सांगितले. फळी आली, पांढरा रंगही झाला. पण लिहिणार कोण?

"चिनी अक्षरं लिहिता येतात तुला?" सासूबाईंनी विचारले.

"येतात."

"कुणाला सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

माझे वडील गावातल्या मुलांना शिकवत. मी कागदी दाराच्या अलीकडे बसून, मांडीवर बोटाने गिरवत, त्या मुलांच्या आधी सगळे शिकले होते. सासूबाई दारात शेंगा सोलत पहाऱ्याला बसल्या आणि मी अठरा अक्षरे लिहिली. माझा हात थरथरला नाही. नामफळी दोन तुकड्यांची असते, पुढचा आणि मागचा, आणि जोडल्यावर आतली बाजू कोणाला दिसत नाही. त्या आतल्या बाजूवर मी आमच्या साध्या लिपीत, बारीक अक्षरांत, माझे नाव आणि तारीख लिहिली. सासूबाईंनी ते पाहिले. पुसायला सांगितले नाही.

तेव्हापासून आजतागायत मंडळाचे पाच अध्यक्ष, दोन खासदार आणि न मोजता येणारे प्राध्यापक या फळीसमोर कपाळ टेकून गेले. बाईच्या हाताने त्यांची परंपरा नासते असे ज्यांना वाटते, ते सगळे एका बाईच्या हस्ताक्षरासमोर वाकले. मला याची लाज वाटत नाही. खरे सांगायचे तर काही सणांना दाराआड उभी असताना मला हसू दाबावे लागले आहे.

सासूबाई एकोणीसशे त्र्याऐंशी साली गेल्या. जाताना त्यांनी माझा हात धरला होता. त्या मला फार टोचून बोलत, आणि माझ्यावर त्यांच्याइतके उपकार कोणी केले नाहीत.

कलम सातवे. दगड.

फळी वाचवली म्हणून एकोणीसशे सत्तर साली मंडळाने फाटकाशेजारी माझ्या सन्मानाचा दगड उभा केला. 'स्वतःच्या पोटच्या जिवापेक्षा पूर्वजांना मोठे मानणारी सून' असे त्यावर कोरले आहे. माझे नाव कोरलेले नाही. शाळेची मुले सहलीला येतात आणि बाई त्यांना तो वाचून दाखवतात. इन-सॉन दहा वर्षांची असताना तिने तो स्वतः वाचला आणि मला विचारले, "आई, म्हणजे तू मला आत ठेवून गेली होतीस?"

मी तेव्हा म्हटले, "जेवायला चल."

या एका उत्तराबद्दल मला नरक असेल तर मी तो भोगीन. तो दगड माझे प्रेत घराबाहेर पडायच्या आधी पाडावा. फोडून गोठ्याच्या तळाला घालावा, म्हणजे तिथला चिखल कमी होईल.

कलम आठवे. मंडळाने काय करायचे.

माझ्या मृत्यूनंतर शंभराव्या दिवशी, भर दिवसा, इन-सॉनने मंडळाला घरी बोलवावे, पूर्वजघरात जाऊन नामफळी बाहेर आणावी आणि तिचे दोन तुकडे सगळ्यांसमोर वेगळे करावेत. आतले नाव थे-शिक भावजींनी मोठ्याने वाचावे. त्यांचा चष्मा बरोबर असेल याची खात्री करावी.

त्यानंतर मंडळाने दोहोंपैकी एक ठरवावे आणि लेखी द्यावे.

फळी खरी आहे असे ठरवले, तर ती बाईच्या हाताने खरी झाली आहे, आणि मग बाईच्या हातचा पेला चालत नाही असे कोणालाही म्हणता येणार नाही. वारस इन-सॉन. पायरीवर ती, पहिला पेला तिचा.

फळी खोटी आहे असे ठरवले, तर बामसिलमध्ये छप्पन्न वर्षे थोरले आजोबा नाहीत. मग पूर्वजघर ही नुसती खोली आहे, घर हे नुसते घर आहे, त्याला वारस दत्तक घ्यायचे कारण नाही आणि मंडळाला त्यावर बोलायचे कारण नाही. ते माझ्या मुलीचे आहे. ती तिथे वासरे बांधील.

तिसरी वाट मी बरीच वर्षे त्यांच्या वतीने शोधून पाहिली. मला सापडली नाही. त्यांना सापडली तर ती न्यायालयात सांगावी. तिथे हा कागद आणि फळीवरचे अक्षर शेजारी ठेवून पाहता येईल.

कलम नववे आणि शेवटचे. इन-सॉनसाठी.

इन-सॉन, पहिल्या वाटेने वारस झालीस तरी श्राद्ध करायलाच हवे असे तुझ्यावर बंधन नाही. करावेसे वाटले तर कर, अर्धे पदार्थ कर, मासा पार्सलने मागव. नको वाटले तर फळी चेस्टनटखाली पुर आणि गायींकडे जा. थोरले आजोबा राजाला नाही म्हणाले होते, त्यांना तुझे नाही म्हणणे समजेल. माझे श्राद्ध करू नकोस. माझी आठवण आली तर रांजणाचे झाकण उघडून ऊन दाखव.

तू मुलगी झालीस म्हणून हे घर बुडाले, असे तू लहानपणापासून समजत आलीस. मला ते दिसत होते. मी बोलले नाही, कारण खरे सांगितले असते तर सासऱ्यांनी आपल्या दोघींना त्याच दिवशी माझ्या माहेरच्या रस्त्याला लावले असते, आणि पुढे बोलायची वेळ निघून गेली असे मला वाटू लागले. ते चूक होते.

तुझ्या बाबांबद्दलही तुला माहीत हवे. शेवटच्या आठवड्यात, आंदोंगच्या दवाखान्यात, दुपारी तू औषध आणायला खाली गेली होतीस, तेव्हा ते म्हणाले, "तुझं अक्षर डावीकडे जरा झुकतं. मी सैन्यात होतो तेव्हा तुझ्या पाकिटांवरचा पत्ताही असाच झुकलेला असायचा."

मला कळायला वेळ लागला. मग मी विचारले, "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"नव्या पूर्वजघरातल्या पहिल्या पूजेपासून. फळीची पेटी उघडली आणि ओळखलं."

"मग बेचाळीस वर्षं बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "तेव्हा मी मान वर केली, तर इन-सॉन अंगणात खेळत होती."

या घराचा पंधराव्या पिढीचा वारस, ज्याने जन्मात कोणाला उलटून उत्तर दिले नाही, तो त्या दिवशी सगळे ओळखून खाली वाकला आणि पेला वाहून मोकळा झाला. त्यालाही तूच हवी होतीस. तुला मी एकटीने उचलले नव्हते.

दगडावर काय कोरले आहे ते विसर. माझ्या हातचे एवढे खरे मान. त्या दुपारी मला फळी काढता आली असती आणि मी काढली नाही. पुन्हा तशी दुपार आली तरी काढणार नाही.

हे सर्व मी समजून उमजून, दिवसाउजेडी, माझ्याच घराच्या ओट्यावर बसून लिहिले आहे. यातला एक शब्दही मागे घ्यायची माझी तयारी नाही.

स्थळ: बामसिल, तालुका बोंगह्वा, उत्तर ग्योंगसांग प्रांत
दिनांक: २ नोव्हेंबर २०२४

क्वाक ओक-बुन
(सही व शिक्का)

साक्षीदार:

१. ओ ग्वांग-से, वय एकाहत्तर, निवृत्त टपालवाला, राहणार बामसिल. आजींनी आमच्यासमोर सही केली. आत काय आहे ते मी वाचलेले नाही. एकोणतीस वर्षे या घरी पत्रे टाकली, त्यांच्या नावाचे हे पहिलेच कागदपत्र मी पाहतो आहे.
(सही)

२. ट्रान थी मे, वय अडतीस, जन्म व्हिएतनाम, सध्या बामसिलच्या गावप्रमुखांची सून. आजींचा हात लिहिताना थरथरत नव्हता. मी पूर्ण वेळ शेजारी बसून शेंगा सोलत होते.
(सही)